गुण कुणाचा

बापाने लेकीला लाडाचं नाव ठेवावं ही जगाची रीत. तिच्या बापाने ठेवलं ते 'मिस्त्रीण'. कॉलेजात ती पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांकडे वळली तेव्हा ठेवलं, आणि आता केसांत पांढऱ्याने काळ्यावर मात करायला घेतली तरी तेच चालू होतं. बापाच्या मते पदार्थविज्ञानात माणसं दोनच तऱ्हेची: डोकं चालवणारी आणि स्क्रू पिळणारी. आपण स्वतः पहिल्या तऱ्हेतले, हे त्यांना सांगावं लागत नसे, तरी ते सांगत.

बाप साधासुधा नव्हता. जन्मभर विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेला, अख्ख्या शहराचा 'सर'. नळ दुरुस्त करायला येणारा माणूसही त्यांना सर म्हणे. सर त्याला पाण्याच्या दाबाचं गणित समजावून सांगत, तो मान डोलावत निघून जाई आणि नळ गळत राही.

सरांचा एक हट्ट होता. वस्तू आहे तिथेच तिचा गुण असतो, वस्तूला सोडून गुण राहत नाही. "साखर या खोलीत आणि गोडी शेजारच्या खोलीत, असं कधी झालंय?" घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे विचारलेलं होतं. झालं असं होतं, की परदेशातल्या काही प्रयोगवाल्यांनी नेमका असाच दावा केला होता. प्रकाशाचा कण एका वाटेने जातो आणि त्याचा गुण दुसऱ्या वाटेने जातो, आम्ही मोजून पाहिलं, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांत ते गाजलं. तेव्हापासून सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती उतरली नव्हती. "चावटपणा आहे सगळा!" ते म्हणत. पण चावटपणा नक्की कुठे आहे हे त्यांना सांगता येत नसे. विचारलं तर आवाज चढे, उत्तर तेच राही.

आईला यातलं फारसं कळत नव्हतं, पण ती एकदा म्हणाली होती, "एवढा कसला वाद घालता? हे दिवसभर विद्यापीठात असायचे आणि यांचा राग घरी असायचा. मी तर रोज बघत होते." मिस्त्रीण पोट धरून हसली होती. सर हसले नव्हते.

तर ही मिस्त्रीण विज्ञान संस्थेच्या तळघरात काम करी. खिडकी नसलेली खोली, भिंतींना काळे पडदे, मधोमध हवेच्या गाद्यांवर तरंगणारं पोलादी टेबल आणि त्यावर नाण्याएवढे आरसे. वरच्या मजल्यावर लिफ्ट हलली तरी मोजमाप बिघडे. म्हणून ती मोजणी चालू असताना लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी स्वतःच लावून येई आणि संस्थेतले थोर थोर लोक धापा टाकत जिने चढत. लिफ्टमध्ये काय बिघाड आहे हे देखभाल विभागाला कधी सापडलं नाही.

नोकरी कंत्राटी होती. दरवर्षी नवं पत्र यायचं, दरवर्षी ते येईपर्यंत तिची झोप उडायची. या वेळी मात्र विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं की एक मोठा पेपर एखाद्या नावाजलेल्या जर्नलमध्ये आला तर कायम करू, नाहीतर यापुढे जमणार नाही.

आणि तिच्याकडे पेपर होता. कसा झाला ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यातच आहे.

प्रकाशाच्या लाटेला डावा किंवा उजवा पीळ देता येतो. हा पीळ म्हणजे प्रकाशाच्या कणाचा एक गुण. टेबलावर कणापुढे दोन वाटा असतात, डावी आणि उजवी, आणि शेवटी त्या पुन्हा एकत्र येतात. तिथल्या एका ठरावीक दारातून जे कण बाहेर पडतील तेवढेच निवडायचे आणि ते कुठून आले ते शोधायचं. दरडावून विचारलं तर कण बिथरतो, म्हणून वाटेवर त्याला इतक्या हळुवार हाताने चाचपायचं, की एकटा कण जवळजवळ काहीच बोलत नाही. लाखो कणांची कुजबुज गोळा केली म्हणजे एक उत्तर ऐकू येतं. परदेशातल्या मंडळींनी आधी विचारलं, कण कुठे होता? उत्तर आलं, डावीकडे. मग प्रयोग नव्याने मांडून दुसऱ्या कणांना विचारलं, पीळ कुठे होता? उत्तर आलं, उजवीकडे. दोन्ही उत्तरं जोडून त्यांनी दवंडी पिटली, की कण आणि त्याचा पीळ यांची ताटातूट झाली.

मिस्त्रिणीच्या मनात आलं, दोन्ही प्रश्न एकाच कणाला, एकाच फेरीत विचारले तर? तेव्हाही ताटातूट दिसली, तर बाबांचं तोंड कायमचं बंद होईल.

हो, बाबांचं तोंड बंद करायलाच ती या कामाला लागली होती. कुणाला वाटेल विज्ञानाच्या ओढीने. ओढ होतीच, पण त्या ओढीला दात होते. घरी तिने यातलं अवाक्षर काढलं नाही. सिद्ध झालं की जेवणाच्या टेबलावर ठेवायचं आणि त्यांचा चेहरा बघायचा, असं ठरवलेलं. सरांनीही कधी विचारलं नाही. ती कुणाचे तरी आरसे पुसून देते असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

काही वर्षं यात गेली. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींची घरं झाली, मुलं झाली, एकीचा घटस्फोटही होऊन गेला. हिचे आरसे अखेर जुळले, दोन्ही प्रश्न एका फेरीत विचारले गेले आणि उत्तर आलं, की ताटातूट नाही. एकत्र विचारलं की कण तिथेच त्याचा पीळ. ती जोडगोळी कधी फुटलेलीच नव्हती. वेगवेगळ्या कणांची उत्तरं एकाच कणाच्या गळ्यात बांधल्यामुळे तो भास झाला होता.

तिने आरसे बदलले, तारा बदलल्या, तापमान बदललं. उत्तर बदललं नाही. बाबा खरे होते. तळघराच्या जिन्यावर बसून ती संतापाने रडली. मग डोळे पुसून जसं दिसलं तसंच तिने लिहून काढलं, एक अक्षरही इकडचं तिकडे न करता. याला मोठं मन लागतं. दुसरं कुणी म्हणणार नाही, म्हणून इथे म्हणून ठेवतो.

जर्नलच्या नियमाप्रमाणे पेपर परीक्षकाकडे नाव झाकून जातो. लिहिणाऱ्याला परीक्षक माहीत नसतो, परीक्षकाला लिहिणारा. हा विषय जाणणारी माणसं जगात मूठभर, त्यांतले एक सर. पुढचं सांगायची गरज आहे का?

रविवारी ती आईवडिलांकडे जेवायला गेली, तर सर दारातच उभे. हातात छापलेले कागद, चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर उजेड.

"ये ये, मिस्त्रीणबाई! हात धुऊन बस. याला प्रयोग म्हणतात, बघ जरा. असली कामं दाखवायची नसतात कुणाला, पण तुला दाखवतो. शिकशील काहीतरी."

पहिल्या पानावरची आकृती तिने स्वतः काढलेली होती. डाव्या वाटेवरचा आरसा किंचित तिरका आलेला, तो सरळ करायचा राहूनच गेला होता.

"कुणाचा आहे?" तिने विचारलं.

"नाव झाकलेलं असतं. पण माणूस पक्का आहे! मी जन्मभर ओरडत होतो की यात कुठेतरी पाणी मुरतंय, आणि या पठ्ठ्याने कुठे मुरतंय ते दाखवलं. दोन प्रश्न, एक फेरी. किती सोपं! मला का नाही सुचलं?" सरांनी कागदावर थाप मारली. "असं डोकं दहा वर्षांत एखादं निपजतं. हा माझ्या हाताखाली असता ना, तर मी निवृत्तच झालो नसतो."

मग जेवताना त्यांनी तिला तिचा प्रयोग समजावून सांगितला. मीठ आणि मिरी डाव्या-उजव्या वाटांवर ठेवून, चमच्याचा आरसा करून. दोन ठिकाणी चुकीचा सांगितला. ती "हो का?" म्हणत राहिली. आईने दोनदा तिच्याकडे बघितलं.

"जेवत का नाहीस?" आई म्हणाली.

"जेवतेय."

त्या आठवड्यात तिचा पाय जमिनीवर नव्हता. आंघोळ करताना, बसची वाट बघताना, आरसे पुसताना ती ते वाक्य मनात घोळवत राही. असं डोकं दहा वर्षांत एखादं. तिच्या डोक्याबद्दल बाप असं बोलला होता, आणि ते डोकं तिचं आहे हे त्याला माहीत नव्हतं. पानात पक्वान्न वाढलेलं आणि हात पाठीमागे बांधलेले, अशी तिची गत झाली. गप्प राहिली तर सरांचा अभिप्राय जाईल, पेपर छापला जाईल, नोकरी कायम होईल. पण बापाने लेकीचा पेपर तपासायचा ही लबाडी, आणि लबाडी तिला जमत नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, ते वाक्य तिला तोंडावर ऐकायचं होतं. नोकरीपेक्षाही तिला ते हवं होतं.

पुढच्या रविवारी चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, तो अभिप्राय पाठवू नका. तो पेपर माझा आहे."

सरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला. आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांनी तिच्याकडे असं बघितलं जसं परिषदेत एखाद्या अनोळखी, मोठ्या माणसाकडे बघत. तेवढा क्षण तिचा होता. कुणी काही म्हणो, तेवढा होता.

"तुझा?" ते म्हणाले. "मदत कुणी केली?"

"कुणी नाही."

"पण ही दोन प्रश्नांची गोष्ट... ही सुचली कशी तुला?"

"विचार करत होते. सुचली."

सर उठले, खोलीत एक फेरी मारली आणि एकदम मोठ्याने हसले. "अगं, सुचणारच! या टेबलावर दुसरं ऐकलंस काय तू लहानपणापासून? वस्तूशिवाय गुण नाही, वस्तूशिवाय गुण नाही! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! ऐकलंत का हो? पोरीने माझी गोष्ट सिद्ध केली!"

स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली.

"बाबा," मिस्त्रीण म्हणाली, "गेल्या रविवारी काय म्हणाला होतात, ते एकदा म्हणा ना."

"काय म्हणालो होतो?"

"असं डोकं दहा वर्षांत एखादं निपजतं म्हणून."

"ते होय! ते मी त्या माणसाबद्दल म्हणालो होतो."

"तो माणूस मी आहे."

"हो गं, पण तेव्हा मला माहीत नव्हतं ना!" सर वैतागून म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "आणि घरच्या माणसाचं कुणी असं तोंडावर कौतुक करतं का? शोभतं का ते?"

त्यांनी फोन उचलला. पलीकडे त्यांचा पट्टशिष्य होता. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेचा संचालक झाला तरी दर आठवड्याला सरांना फोन करणारा, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा 'सविनय नमूद' करणारा. सर बाहेरच्या खोलीत बोलत होते आणि इथवर ऐकू येत होतं. "अरे, मी सांगत नव्हतो? शेवटी रक्त कुणाचं आहे! कल्पना जुनीच रे, आपण कितीदा बोललोय यावर, पोरीने हातांनी करून दाखवली इतकंच. हात चांगला आहे तिचा, मिस्त्रीणच ती!"

"कौतुकच करतायत ना?" आई हळूच म्हणाली.

"कुणाचं, आई?"

आई कप उचलायला लागली.

मिस्त्रिणीने त्याच संध्याकाळी संपादकांना कळवलं. सरांचं नाव परीक्षकांतून निघालं, पेपर दुसऱ्याकडे गेला. पुष्कळ दिवस काहीच आलं नाही. आलं तेव्हा ते असं आलं: प्रयोग उत्तम आहे, निष्कर्ष निर्विवाद आहे. तथापि, सविनय नमूद करावेसे वाटते की यामागील मूळ कल्पना या क्षेत्रातील एका ज्येष्ठ विचारवंतांच्या व्याख्यानांतून व चर्चांतून दीर्घकाळ परिचित आहे. त्यांचा तसा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय पेपर प्रसिद्ध करणे उचित होणार नाही.

सविनय नमूद! ती खुर्चीत बसून राहिली. नाव झाकणाऱ्यांनी नाव झाकलं होतं, पण सरांच्या फोनपुढे जर्नलच्या नियमांचं काय चालणार?

विभागप्रमुखांनी अभिप्राय वाचला आणि म्हणाले, "अभिनंदन! एका ओळीचं तर काम आहे."

"ती ओळ खरी नाही."

"वडीलच आहेत ना तुमचे? परक्याचं नाव घालायला सांगत असते तर मीच भांडलो असतो. एका ओळीने तुमचं काय जातंय? समितीची बैठक तोंडावर आली आहे, बघा बुवा."

एकच माणूस हे थांबवू शकत होता. सरांनी दोन शब्द लिहिले असते, की ही कल्पना माझी नाही, तर विषय तिथेच संपला असता. ती आडवाराची त्यांच्याकडे गेली. सर बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, खरं सांगा. दोन्ही प्रश्न एका फेरीत विचारा, असं तुम्ही कधी कुणाला म्हणाला होतात?"

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि त्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. तेच तर वाईट होतं.

"शब्दशः नसेन म्हणालो," ते म्हणाले. "पण गाभा माझाच."

"वाचलात तेव्हा तुम्ही म्हणालात, मला का नाही सुचलं!"

"तपशील नाही सुचला म्हणालो. तपशील वेगळा, कल्पना वेगळी. कल्पना ही की गुण वस्तूला सोडत नाही. ती कुणाची?"

"बाबा, मी तुम्हाला खोटं ठरवायला निघाले होते!" तिचा आवाज चिरकला. "ऐकताय ना? इतकी वर्षं मी तळघरात घालवली ती तुम्ही चुकीचे आहात हे दाखवायला. तुमच्याकडून घेऊन नाही, तुमच्याविरुद्ध केलंय मी हे!"

सरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना राग आला नाही. उलट त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं.

"आणि ठरवू शकली नाहीस," ते म्हणाले. "बघ म्हणजे!"

ते खरेच बरोबर होते, आणि बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही. गुण वस्तूला सोडून जाऊ शकत नाही म्हणून जन्मभर कंठशोष करणाऱ्या माणसाने तिचा गुण तिच्यापासून सोडवून स्वतःच्या नावावर करून घेतला होता, आणि त्याला त्यात काहीही विपरीत दिसत नव्हतं. आई दारात उभी होती. तिला दिसत होतं. पण या घरात सरांना ती कधीच उलटून बोलली नव्हती, एक तो रागाचा विनोद सोडला तर.

मिस्त्रीण तळघरात परत गेली. पेपर उघडला आणि शेवटी एक ओळ घातली: 'या पेपरमागची मूळ कल्पना सरांची असून लेखिकेने ती प्रयोगात उतरवली आहे.' तिथे सरांचं पूर्ण नाव घातलं, सगळ्या पदव्यांसकट. एकही अक्षर चुकलं नाही. चांगला हात होता तिचा.

पेपर छापून आला. नोकरी कायम झाली. सरांच्या घरी जुने विद्यार्थी पुष्पगुच्छ घेऊन येऊन गेले. पट्टशिष्य विमानाने आला, त्याने सरांच्या पायांना हात लावला आणि तिला म्हणाला, "भाग्यवान आहात." ती सगळ्यांना चहा देत होती.

मंडळी गेल्यावर सरांनी जर्नलचा अंक मागवून घेतला. चष्मा लावला, पानं उलटली. आकृत्या त्यांनी पाहिल्या नाहीत, मधली गणितं पाहिली नाहीत. सरळ शेवटावर गेले आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. पुन्हा वाचली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुणाची गं माझी पोर ती!"

उभ्या जन्मात बापाच्या तोंडून ती हे पहिल्यांदा ऐकत होती. आणि ज्या ओळीसाठी तो हे म्हणाला, तेवढी एकच ओळ त्या पेपरात खोटी होती.